पट्टा पोटावर नको, हाडावर हवा

एरवी या पानावर मायलेज, टायर नाहीतर 'सीएनजी घेऊ की इलेक्ट्रिक' हेच प्रश्न जास्त असतात, यावेळी मात्र सीट बेल्टवरच इतकं आलंय की बाकीचं सगळं पुढच्या अंकात घेऊ. वाचताना एक जाणवलं, लावायचा की नाही हे आता फार कुणी विचारत नाही, लावतात लोक, पण कसा लावायचा हे कुणी कधी सांगितलेलंच नाही. ड्रायव्हिंग स्कूलमध्येसुद्धा "बेल्ट लाव, पुढं मामा उभाय" इथंच विषय संपतो.

प्रश्न : नमस्कार दादा. माझी उंची पाच फुटाला थोडी कमीच. बेल्ट लावला की बरोबर गळ्यावर येतो, कापल्यासारखं होतं, म्हणून मी तो काखेखालून घेते. खटका बसलाय ना, मग झालं, असं आमचे हे म्हणतात. चालतं का असं? (सांगलीहून एक शिक्षिका)

उत्तर : नाही चालत ताई, आणि यजमानांनाही वाचायला द्या. पट्ट्याचं काम तुम्हाला नुसतं सीटला बांधून ठेवणं नाहीये, गाडी अचानक थांबते तेव्हा तुमच्या अंगाचा जो जोर पुढं जातो तो अंगातल्या मजबूत जागांवर घेणं हे त्याचं काम आहे. माणसाच्या अंगात अशा जागा मोजक्या, खाली कंबरेची दोन हाडं, वर खांद्यापासून गळ्याकडं येणारं गळपट्टीचं हाड आणि छातीच्या मधलं हाड. पट्टा या हाडांवरून गेला पाहिजे. १९५९ मध्ये व्होल्वोच्या निल्स बोलिन या इंजिनिअरनं आजचा तीन जागी अडकणारा पट्टा बनवला (हा माणूस आधी विमानातल्या बाहेर फेकल्या जाणाऱ्या सीटवर काम करायचा, म्हणजे झटका अंगावर कसा घ्यायचा याचं त्याला पक्कं ठाऊक होतं) तेव्हापासून हिशोब हाच आहे. आणि व्होल्वोनं ते पेटंट सगळ्या कंपन्यांना खुलं करून टाकलं म्हणून तुमच्या-माझ्या गाडीतही तोच पट्टा आहे.

आता तुम्ही काखेखालून घेता तेव्हा काय होतं बघा. वरचा पट्टा येतो खालच्या बरगड्यांवर, त्या तशा नाजूक. तुम्ही स्टिअरिंगवर असाल तर आपल्याकडं पट्टा उजव्या बाजूनं येतो म्हणजे त्या बरगड्यांच्या मागं यकृत, आणि शेजारच्या सीटवर असाल तर डाव्या बाजूनं येतो, तिथं प्लीहा. बरगडी मोडली की ती आत घुसते ती यातच. शिवाय खांदा मोकळा असल्यानं वरचं अंग आणि डोकं पुढं फेकलं जातं ते वेगळंच. पाठीमागून पट्टा घेणारे पण आहेत, त्यांचा सगळा झटका पोटावर आणि कण्यावर येतो, ते तर अजूनच वाईट.

मग करायचं काय. दाराच्या बाजूच्या खांबावर जिथून पट्टा निघतो तिथं बटण दाबून वर-खाली सरकवायची सोय बऱ्याच गाड्यांत असते, कित्येक वर्षं गाडी वापरणाऱ्यांनाही ते माहीत नसतं, ते खाली घ्या. ते नसेल तर सीट उंच करायचा लिव्हर असतो, सीट वर घेतली की खांदा वर येतो आणि पट्टा गळ्यापासून सरकतो. पाठ सरळ ठेवा. कॉलरचा कुर्ता घातला तर घासत नाही, हा एका वाचकमैत्रिणीचा उपाय, मला आवडला. पण पट्टा सैल ठेवण्यासाठी मिळणाऱ्या क्लिपा, जाड गाद्या असलं काही लावू नका, आणि खाली मऊ उशी घेऊन पण बसू नका, जोराच्या ब्रेकला उशी दबते आणि माणूस पट्ट्याखालून घसरतो. सगळं करूनही थोडा मानेच्या कडेला घासत असेल तर ते घासणं सहन करा, काखेखालचा प्रकार नको.

आणि लावायची पद्धत सांगतो ती सगळ्यांसाठीच. आधी बूड पार मागं टेकवा. पट्टा हळू ओढा, पीळ पडला असेल तर सोडवा (पीळ पडलेला पट्टा दोरीसारखा रुततो), खटका लावा. मग खालचा भाग दोन्ही हातांनी मांडीच्या सांध्याकडं खाली दाबा, पोटावर राहू देऊ नका, आमच्यासारख्या पोट सुटलेल्यांनी तर पोटाच्या खालून घ्यायचा. शेवटी छातीवरचा भाग वर ओढून ढील काढा. ही शेवटची गोष्ट जवळजवळ कुणीच करत नाही.

प्रश्न : आम्ही संभाजीनगरहून नागपूरला समृद्धीवरून महिन्यातून एखादी चक्कर मारतो. वडील मागं बसतात, वय ६८, म्हणतात मागं बेल्ट कशाला, समोर सीट आहेच की अडवायला. मी काय सांगू त्यांना? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : समोर सीट आहे हे खरं, पण त्या सीटवर तुम्ही बसलाय हे काकांना सांगा. गाडी थांबली तरी मागचा माणूस थांबत नाही, तो गाडीच्याच स्पीडनं पुढच्या सीटवर येऊन आदळतो आणि पुढचा माणूस, पट्टा लावलेला असूनसुद्धा, मागून येणाऱ्या वजनानं स्टिअरिंगवर चेंगरतो. मागच्यानं लावलेला पट्टा पुढच्यालाही वाचवतो तो असा.

जोर किती असतो याचा अंदाज हवा असेल तर ५० च्या स्पीडला धडक म्हणजे साधारण १० मीटरवरून, तिसऱ्या मजल्यावरून खाली पडणं. आता समृद्धीवर कारला १२० ची परवानगी आहे. स्पीड दुप्पट झाला की जोर दुप्पट नाही, चौपट होतो, त्या हिशोबानं १२० म्हणजे जवळपास ५७ मीटर, अठराव्या मजल्याच्या वर. ब्रेक लागतो, धडकेच्या वेळी स्पीड उतरलेला असतो, हे मान्य, पण उतरून ८० वर आला तरी २५ मीटर झालेच ना.

काकांना नावानिशी आठवेल असं सांगायचं तर ३ जून २०१४ ला दिल्लीत गोपीनाथ मुंडे गेले, ते मागच्या सीटवर होते, पट्टा नव्हता, आणि तो हायवे नव्हता, शहरातला रस्ता होता. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्रींची गाडी कठड्याला धडकली, मर्सिडीज, सगळ्या सोयी असलेली गाडी, पुढचे दोघं जखमी झाले पण वाचले, मागचे दोघं गेले आणि मागच्यांनी पट्टे लावलेले नव्हते असं पोलिसांनी सांगितलं. त्यानंतर त्याच वर्षी नोव्हेंबरपासून मुंबईत सगळ्यांना पट्टा म्हणून पोलिसांनी सक्ती सुरू केली आणि लोकांना वाटलं नवा कायदा आला. तसं नाहीये, पुढं तोंड असलेल्या मागच्या सीटवर पट्टा हवा हे केंद्राच्या मोटार वाहन नियमांत आधीपासूनच होतं, नियम १३८, फक्त कुणी विचारत नव्हतं. दंड १००० रुपये, तो २०१९ च्या दुरुस्तीनं वाढला.

एक प्रॅक्टिकल गोष्ट. आपल्याकडं नवी गाडी आली की पहिल्याच आठवड्यात सीट कव्हर चढतं आणि मागच्या पट्ट्यांचे खटके त्याच्याखाली गाडले जातात ते कायमचेच. निघायच्या आदल्या दिवशी ते खणून वर काढून ठेवा. काकांना ऐनवेळी खटका सापडला नाही की त्यांना आयतं कारण मिळतं.

प्रश्न : सातवा महिना चालू आहे, रोज नाशिकरोडहून अंबडला स्वतः गाडी चालवत जाते. सासूबाई म्हणतात बाळाला पट्टा आवळेल, लावू नको. डॉक्टरांना विचारायचं राहूनच जातं. (नाशिक)

उत्तर : लावायचा, दोन्ही भाग लावायचे, फक्त जागा नीट. खालचा पट्टा पोटाच्या पूर्ण खालून, मांडीच्या सांध्याशी, कंबरेच्या हाडांवर घट्ट. वरचा दोन्ही स्तनांच्या मधून येऊन पोटाच्या कडेनं खाली. पोटावरून आडवा पट्टा मात्र कधीच नको, झटक्यात गर्भाशयावर दाब येऊन वार (प्लेसेंटा) सुटू शकते. सासूबाईंची भीती अगदीच खोटी नाही म्हणजे, चुकीच्या जागी लावला तर ती खरी आहे, पण न लावता स्टिअरिंगवर पोट आदळणं त्याहून कितीतरी भयंकर. आई वाचली तर बाळ वाचण्याची शक्यता, हे साधं गणित.

सीट जितकी मागं जाईल तितकी घ्या, छाती आणि स्टिअरिंगमध्ये निदान २५ सेंटीमीटर अंतर राहू द्या, स्टिअरिंग वर-खाली होत असेल तर त्याचं तोंड पोटाकडं नको, छातीकडं ठेवा. एअरबॅग बंद करायची गरज नाही. पट्टा मांड्यांमधून खाली खेचून धरणारे 'प्रेग्नन्सी बेल्ट' ऑनलाइन मिळतात, मी तरी घेऊ नका म्हणेन, साधा पट्टा नीट लावला की पुरतो. नवव्या महिन्यात शक्य असेल तर कुणीतरी चालवणारं बघा. आणि बारीकशी ठोकर जरी लागली, काही दुखत नसलं तरी, त्याच दिवशी डॉक्टर. डॉक्टरांना विचारायचं राहतंय ते पण या भेटीत विचारूनच घ्या.

प्रश्न : आम्ही सध्या अमेरिकेत असतो, डिसेंबरमध्ये आठ महिन्यांच्या मुलीला घेऊन साताऱ्याला येतोय. इथं बाळाच्या कार सीटशिवाय हॉस्पिटलमधून घरी पण सोडत नाहीत, पण गावी आई म्हणते आजीच्या मांडीपेक्षा सुरक्षित काय असतं, आणि सीट आणली तर सगळे हसतील. सीट आणावी का, आपल्याकडच्या गाडीत बसेल का? (टेक्सास)

उत्तर : आणा. हसू देत.

आजीच्या मांडीचं प्रेम शंभर टक्के, पण पकड नाही हो. ५० च्या धडकेत गाडी अर्ध्या मीटरमध्ये थांबली असं धरलं तर अंगावर स्वतःच्या वजनाच्या साधारण वीसपट जोर येतो. मुलगी आठ किलोची असेल तर त्या क्षणाला ती १६० किलोची होते. तालमीत रोज जाणारा मामा असला तरी त्याच्या हातून सुटेल. आणि आजीनं स्वतःच्या पट्ट्यातच बाळाला पण घेतलं, हे फार बघायला मिळतं आणि लोकांना ते शहाणपणाचं वाटतं, तर मधल्या बाळावर आजीचं सगळं वजन येतं. पुढच्या सीटवर मांडीत घेणं सगळ्यात वाईट, समोरची एअरबॅग डोळ्याची पापणी लवायच्या आत उघडते, मोठ्या माणसासाठी ठीक, बाळासाठी तो ठोसाच.

आता सीटचं. अमेरिकेतली सीट विमानात वापरायला चालते का ते तिच्या लेबलवर लिहिलेलं असतं, लाल अक्षरांत, ते बघा, तिकीट काढून बाळाला वेगळी जागा घेतली असेल तर तिथंही उपयोग होईल. एक्सपायरीची तारीख पण त्याच सीटवर कुठंतरी असते. इथल्या गाडीत आयसोफिक्सचे, म्हणजे बाळाची सीट थेट गाडीला अडकवायचे, हूक असतील (मागच्या सीटच्या फटीत बोट घालून बघायचं, बरेचदा छोटं चिन्ह असतं) तर तुमच्या सीटचे खालचे हूक सहसा त्याला लागतात. पट्ट्यानं बांधायची असेल तर मात्र एक गोची आहे आणि ती फार कुणी सांगत नाही. अमेरिकेतल्या गाडीचा पट्टा पूर्ण बाहेर ओढून सोडला की तो लॉक होत होत आत जातो, त्यामुळं कार सीट घट्ट बसते. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांचा पट्टा फक्त झटक्याला लॉक होतो, एरवी मोकळाच, म्हणून सीट सैल राहते. तुमच्या सीटला स्वतःचा पट्टा पकडणारा खटका असेल तर प्रश्न नाही, नसेल तर निघायच्या आधी कंपनीकडून लॉकिंग क्लिप (पट्टा सरकू न देता पकडून ठेवणारी) मागवून घ्या आणि तिथंच एकदा लावायची प्रॅक्टिस करा, विमानतळाबाहेर रात्री तीनला, सामान गाडीवर चढत असताना, ते जमत नाही. बसवल्यावर पट्टा जिथून जातो तिथं धरून हलवा, एक इंचापेक्षा जास्त हलली तर परत घट्ट करा.

बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला, कार सीट मागच्या सीटवर, आणि सीटच्या वजन-उंचीच्या मर्यादेत बसते तोवर तोंड मागंच. डिसेंबरात साताऱ्याकडं पहाटे थंडी असते, पण जाड स्वेटर घालून पट्टे लावू नका, ढील राहते, पट्टे अंगाला घट्ट लावून वरून गोधडी टाका. गोधडी आजीनं शिवलेली असेल तर हसणं पण कमी होईल.

बाकी ज्यांची मुलं इथंच मोठी होतायत त्यांच्यासाठी, १४ वर्षांखालच्या मुलांना पट्टा किंवा चाइल्ड सीट हवी हे आपल्या कायद्यातही आहे, कलम १९४ब, तोच १००० दंड. मूल साधारण १४५ सेंटीमीटरचं होईपर्यंत बूस्टर, म्हणजे मुलाला उंच बसवणारी बैठक, लागतो, कारण तोवर मोठ्यांचा पट्टा त्याच्या गळ्यावर आणि पोटावरच येतो. मग वर सांगलीच्या ताईंना उशी नको म्हटलं आणि इथं बूस्टर कसा, असं कुणी विचारेल, तर बूस्टर कडक असतो, दबत नाही, आणि त्याला खालचा पट्टा मांडीवर धरून ठेवणारे कान असतात.

प्रश्न : लग्नसराई आहे, पैठणी नेसून गाडीत बसलं की बेल्टमुळं पदराचा चुरा होतो आणि खांद्याची पिन टोचते. हसू नका, खरंच विचारतेय. (येवला)

उत्तर : येवल्यातून पैठणीचा प्रश्न आल्यावर हसायची माझी काय बिशाद. पदर डाव्या खांद्यावर, पिन पण तिथंच, आणि गाडीच्या डाव्या बाजूच्या सीटवर पट्टा डाव्याच खांद्यावरून येतो म्हणून टोचते. ड्रायव्हरच्या मागं बसा, तिथं तो उजव्या खांद्यावरून येतो, पदर आणि पिन दोन्ही सुटतात. बसताना निऱ्या हातानं सपाट करून घ्या, नाहीतर त्यांच्या घड्यांवर पट्टा तरंगत राहतो आणि घट्ट वाटला तरी आत ढील असते. लांब हार, तन्मणी, मोठं पेंडंट पट्ट्याखाली येऊ देऊ नका. आणि रेशमाची चुणी इस्त्रीनं जाते.

प्रश्न : रात्रीच्या प्रवासात मी पुढची सीट पूर्ण पाडून झोपतो, बेल्ट लावूनच. बायको ओरडते. (कोल्हापूर)

उत्तर : वहिनी बरोबर आहेत. सीट पाडली की वरचा पट्टा छातीपासून सुटून हवेत लोंबतो आणि खालचा पोटावर चढतो. धडकेत तुम्ही पट्ट्याखालून पुढं सरकता, पट्टा आधी पोटात आणि मग गळ्याशी. झोप आलीच असेल तर पाठ थोडी कलती ठेवा, पट्टा छातीला टेकलेला राहील इतकीच. नाहीतर मागं जा आणि तिथं बसून झोपा, आडवं पडून नाही.

प्रश्न : भाड्याच्या गाडीत ड्रायव्हरनं खटक्यात नुसती क्लिप खुपसली होती, बीप बंद करायला. म्हणाला एअरबॅग आहे ना साहेब. आणि बेल्ट लावला अन् गाडी पाण्यात पडली किंवा पेटली तर माणूस अडकतो म्हणे? (ठाणे)

उत्तर : एअरबॅगवर एसआरएस लिहिलेलं असतं, त्यातला पहिला शब्द 'पूरक' या अर्थाचा आहे, म्हणजे मुख्य काम पट्ट्याचं. पट्टा नसला तर माणूस आधीच पुढं फेकला गेलेला असतो आणि उघडत्या बॅगवर तोंडघशी आदळतो. त्या क्लिपा विकू नका म्हणून २०२३ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं मोठ्या ऑनलाइन कंपन्यांना आदेश दिले होते. पुढच्या वेळी ड्रायव्हरला सांगा, क्लिप काढ नाहीतर गाडी बदलून दे, पैसे आपणच देतो ना.

पाणी आणि आगीचं म्हणाल तर तशा घटना एकूण अपघातांत फार थोड्या. आणि त्यातही बाहेर पडायला आधी शुद्धीवर असायला लागतं, डोकं काचेवर आदळून बेशुद्ध झालेला माणूस मोकळा असून काय करणार. खटका एका बोटानं निघतो. तरी भीती वाटत असेल तर काच फोडायची हातोडी आणि पट्टा कापायचं पातं एकत्र असलेलं छोटं हत्यार मिळतं, ते ड्रायव्हरच्या हाताशी ठेवा, डिकीत नको.

प्रश्न : आठ वर्षं जुनी गाडी घेतोय. बेल्टचं काय बघायचं? उतारावर पट्टा ओढला की अडकतो, खराब आहे का? (अहिल्यानगर)

उत्तर : उतारावर अडकणं चांगलं लक्षण आहे. आत एक छोटी गोळी किंवा लंबक असतो, गाडी कलली किंवा जोरात ब्रेक लागला की तो सरकून दात्यात अडकतो. थोडा आत सोडून हळू ओढायचा, येतो. उलट सपाट जागी, गाडी उभी असताना, पट्टा झटकन ओढून बघा, अडकलाच पाहिजे, नाही अडकला तर ती बिघाडाची खूण.

मग पट्टा शेवटपर्यंत बाहेर काढा. कडा विरलेल्या, कापलेलं, एखाद्या ठिकाणी लाटा आल्यासारखं किंवा ताणून चमकल्यासारखं दिसलं तर त्या पट्ट्यानं एक अपघात पाहिलाय असं समजा. मोठ्या अपघातात एकदा काम केलेला पट्टा परत वापरायचा नसतो, बदलायचाच. पुढच्या पट्ट्यांना बऱ्याच गाड्यांत बारूद असलेली यंत्रणा असते, ती धडकेच्या क्षणी पट्टा खेचून ढील काढते आणि एकदाच चालते, ती उडून गेलेली असेल तर पट्टा सहसा अर्धवट अडकून बसतो. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा लाल दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. तसाच पेटत राहिला तर यंत्रणेत बिघाड. आणि लागलाच नाही तर जास्त सावध व्हा, कुणीतरी तो दिवाच काढून टाकलेला असू शकतो. पट्टा मळका असेल तर साध्या साबणाच्या कोमट पाण्यानं पुसा, ब्लीच नको, आणि पूर्ण वाळल्याशिवाय आत गुंडाळू नका. विकणारा म्हणाला की मागचे पट्टे कधी वापरलेच नाहीत, एकदम नवे आहेत, तर ते मात्र खरं असेल.